सुधीरचं 'बघू'

सुधीर गेला त्याला सात आठवडे झाले. परवा बर्नाबीतल्या त्याच्या घरी गेलो, तेव्हा मेधावहिनींनी चहा पुढे ठेवला आणि इतके दिवस मी ज्याला भीत होतो तेच विचारलं. "भावजी, शेवटी हे काही बोलले होते का?"

एकाच ऑफिसात आम्ही वीस वर्षं काढली. समोरच्याला नाही म्हणणं सुधीरच्या जिवावर यायचं. जेवायला बोलावलं आणि यायचं नसलं की "बघू" म्हणायचा, आणि आम्ही एक पान कमी मांडायचो. लग्न ठरवतानाही हा बघूच म्हणाला असणार, अशी आम्ही वहिनींसमोर त्याची थट्टा करायचो.

पन्नाशीत आम्हा दोघांना स्कीइंगचं वेड लागलं, तेही रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरांतलं. हिमस्खलनाचा कोर्स एकत्र केला. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की एकानेही नको म्हटलं की सगळ्यांनी मागे फिरायचं, कारण विचारायचं नाही. सुधीरने ते वहीत लिहून घेतलं. गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणारा बीकन छातीशी बांधून, तो पार्किंगमध्येच तपासल्याशिवाय सुधीर मला पाऊल टाकू द्यायचा नाही. मी त्याला सुधीरचं मंगळसूत्र म्हणायचो... आता ते आठवलं तरी स्वतःची लाज वाटते.

त्या दिवशी सकाळच्या हिमस्खलनाच्या बुलेटिनमध्ये वाऱ्याने साचलेला नवा बर्फ घसरेल, असा इशारा होता. आम्ही दोघांनी तो वाचला. शिखराखालचा उतार कोणाच्याही स्कीची रेघ न उमटलेला होता, आणि मला तो हवा होता, खोटं कशाला बोलू. इथून उतरू या का, असं मी विचारलं. सुधीरने काठी बर्फात दोनतीनदा खुपसून पाहिली, उताराकडे बघत राहिला.

"बघू, दिलीपराव."

मी ऐकलं ते 'बघू या'. एकेकाने उतरायचं या नियमाप्रमाणे मी आधी उतरलो आणि खाली झाडांपाशी थांबलो. मला एकट्याला तिथे टाकून तो माघारी जाणं शक्य नव्हतं. तो अर्ध्यावर आला आणि उतारावरचा बर्फ तुटून तो त्याखाली गाडला गेला. बीकनमुळे तो लगेच सापडला. फावड्याने खणून काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

वहिनींना मी एवढंच सांगितलं, की तो बघू म्हणाला.

वहिनींनी कप खाली ठेवला. "म्हणजे नको म्हणाले होते."

मी मान डोलावली. वीस वर्षं ज्याचा अर्थ आम्हाला कळत होता, तो शब्द त्या दिवशी मी सोयीने ऐकला. याला क्षमा नाही, आणि वहिनींनीही ती दिली नाही.

निघताना बेसमेंटच्या दारामागे खुंटीला बीकन दिसला, पोलिसांनी परत दिलेला. वहिनींनी तो काढून माझ्यापुढे धरला. "घेऊन जाता?"

"बघू," मी म्हणालो.

त्यांनी तो परत खुंटीला अडकवला.