मला व्हीलचेअर नको
मुलगा शिकागोला सॉफ्टवेअरच्या नोकरीत होता. त्याने मला तिकीट पाठवलं आणि परस्पर माझ्यासाठी व्हीलचेअरही मागवली. मी फोनवर विचारलं, "माझे पाय कधी मोडले?"

"आई, सगळ्यांचे आईवडील असंच येतात. फ्रँकफर्टला विमान बदलायचंय आणि तुला इंग्रजी बोलायची सवय नाही."

मी तीस वर्षं स्वारगेटला बस बदलून लोणी काळभोरच्या शाळेत शिकवायला गेले होते. मला राग आला.

फ्रँकफर्टला विमानाच्या दाराशीच एक तरुण माझ्या नावाची पाटी आणि खुर्ची घेऊन उभा होता. मी म्हणाले, "नो. आय वॉक." विमानात ओळख झालेल्या, पुण्यातल्याच वारज्याच्या एक ठणठणीत बाई शेजारच्या व्हीलचेअरमध्ये आरामात बसल्या होत्या.

"अहो, बसा की! फुकट असतं."

"आपण बसा. मला चालता येतं."

तिकिटावरचा गेटचा आकडा पाट्यांवर शोधत मी निघाले आणि भलतीकडेच पोचले. फरशी पुसणाऱ्या एका बाईला तिकीट दाखवलं. तिने माझे खांदे धरून मला उलट्या दिशेला वळवलं. गेटवर पोचले तेव्हा लोक नुकते रांगेत उभे राहत होते.

शिकागोला मला चालत बाहेर येताना बघून मुलगा चिडलाच. "हरवली असतीस तर?"

"हरवले होते. मग विचारलं," मी म्हणाले आणि बॅग त्याच्या हातात न देता स्वतःच ओढत निघाले.