माझे तीन म्हणजे आठ

"मॅडम, दाढ चांगली आहे. हे दुखणं दाढेचं नाही."

दातांच्या डॉक्टरांनी तोंडातला आरसा बाहेर काढला आणि एवढं बोलून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. खोलीत एसी चालू होता आणि माझी मान घामाने भिजलेली होती. त्यांनी विचारलं, "जिना चढून वर आलात तेव्हा जबडा जास्त दुखला का?" दुखला होता. "पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये काही?" तिथेही सकाळपासून भरून आलं होतं. मी म्हटलं, "बादलीभर कपडे वाळत घातले, त्यानं असेल."

"असेलही. पण आधी हृदयाचं बघून घेऊ. बायकांचा हार्ट अटॅक कधी कधी असाच येतो, छातीत काही न दुखता."

मला हसूच आलं. दाढ दाखवायला आलेल्या बाईला हृदयाचं सांगणारा डॉक्टर म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणारा, असं मनात म्हणून मी पर्स उचलली. त्यांनी मला उठू दिलं नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांनी आणि त्यांच्या कंपाउंडरने मला जिन्यावरून खाली आणलं. खाली आमचे हे स्कूटरजवळ उभे होते. खुर्चीतून उतरणारी बायको बघून त्यांच्या हातातली किल्ली खाली पडली. तिथून रिक्षाने आम्ही थेट जालन्यातल्याच एका हृदयाच्या दवाखान्यात गेलो.

त्या दातांच्या डॉक्टरांनी तपासणीची फी घेतली नाही. आज जिवंत आहे ती आधी त्यांच्यामुळे, म्हणून पहिला नमस्कार त्यांना.

माझी ओळख सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली बरीचशी जालना जिल्ह्यातल्याच टेंभुर्णीच्या शाळेत, शेवटची काही जालन्यात. मार्कांच्या बाबतीत मी कंजूष म्हणून प्रसिद्ध होते. माझ्याकडे दहापैकी सात म्हणजे वर्गात पहिला. उत्तर चुकलं की शून्य. "रीत बरोबर आहे मॅडम, रीतीचे तरी अर्धे मार्क द्या," म्हणत पालक यायचे. मी त्यांना चहा द्यायची, मार्क द्यायची नाही.

दवाखान्यात पोचताच ईसीजी काढला. एक सिस्टर कागदाकडे बघून क्षणभर थांबल्या. मग त्यांनी छातीच्या उजव्या बाजूलाही वायरी लावल्या आणि दुसरा ईसीजी काढला. त्या वैशाली सिस्टर, मूळच्या धावडा गावच्या, वय पस्तिशीच्या आसपास. हाताने काम चालू ठेवूनच त्यांनी विचारलं, "मॅडम, दहापैकी किती दुखतंय?"

हा प्रश्न तुम्हालाही विचारतील, म्हणून नीट सांगते. याला पेन स्कोअर म्हणतात. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. दुखणं मोजायचं यंत्र नाही, त्यामुळे पेशंटनेच आकडा सांगायचा असतो. मी विचार केला, दहा तर कुणालाच देता येत नाहीत. म्हटलं, "चार."

सिस्टरनी माझ्या हाताकडे पाहिलं. पलंगाची कड मी इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. "बाळंतपणात किती होतं?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"सुखरूप झालं होतं?"

"न्हाई. मूल आडवं आल्तं. दोन दिवस कळा देत होते."

"आणि त्याला पाच," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

डॉक्टर आले. त्यांनी यांना आणि मला समोरासमोर समजावून सांगितलं. इन्फिरियर वॉल एमआय, म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका. रक्त नेणारी उजवी नळी बंद पडलेली आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यालाही मार बसलेला. लगेच अँजिओप्लास्टी करायची, म्हणजे मनगटातून बारीक नळी आत नेऊन बंद जागा फुग्याने उघडायची आणि तिथे स्टेंट नावाची जाळी बसवायची. यांनी सही केली. तीसेक वर्षं एमआयडीसीतल्या बियाणांच्या कारखान्यात शंभर बियांतल्या किती उगवल्या हे मोजणारा माणूस; त्यांना विचारायचं होतं की शंभरातले किती पेशंट वाचतात. विचारण्याचं धाडस झालं नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

स्टेंट बसला. एखादं बटण दाबावं तसा जबडा दुखायचा थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आयसीसीयूत, म्हणजे हृदयरोग्यांच्या अतिदक्षता विभागात, उशाला टेकून चहा मागत होते.

त्या दुपारी दोन वाजता ड्यूटी बदलली. तेव्हा जाणारी सिस्टर येणाऱ्याला प्रत्येक पलंगापाशी उभं राहून त्या पेशंटचं सगळं सांगते. याला हँडओव्हर म्हणतात. येणारे होते इम्रान ब्रदर. पुरुष नर्सना तिथे ब्रदर म्हणतात. मी डोळे मिटून पडले होते. त्यांना वाटलं झोपली.

"बेड चार," वैशाली सिस्टर म्हणाल्या. "उजव्या बाजूला मार आहे, बीपी कमीकडंच राहतं. नायट्रेट बिलकुल द्यायचं न्हाई. आणि एक लक्षात ठेवा, मॅडम मार्क लई कमी देतात. यांनी तीन म्हटलं की आपण आठ समजायचं."

"तीन म्हणजे आठ. बराबर," इम्रान ब्रदर म्हणाले आणि लिहून घेतलं.

माझा असा संताप झाला म्हणून सांगू. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने दाखवल्या आणि इथे कालची मुलगी माझ्या आकड्याला दुरुस्ती लावतेय. हे आल्यावर त्यांच्याकडे तक्रार केली. त्यांनी नुसतं माझ्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. म्हणजे त्यांना सिस्टरचं पटलं होतं.

चार वाजता भेटायची वेळ. टेंभुर्णीहून माझे धाकटे दीर, रंगनाथ भाऊजी, आणि जाऊबाई आल्या. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे कर्तव्य, आणि आजाऱ्याने "आता बरं आहे" म्हणणं हेही कर्तव्यच. जाऊबाई म्हणाल्या, "ताई, एकदम ताज्या दिसून राह्यल्या तुम्ही." मी हसले. त्याच वेळी जबड्यात पुन्हा ती कळ सुरू झाली.

मी कुणाला सांगितलं नाही. एवढ्या लांबून आलेली माणसं, त्यांच्यासमोर कण्हायचं कसं? पाच मिनिटं मी त्यांच्याशी कपाशीच्या वेचणीवर बोलत होते. पाठ भरून आली, कपाळाला घाम आला. इम्रान ब्रदर पलंगाशी येऊन उभे राहिले. "मॅडम, दुखतंय काही?"

"थोडंसं. जबड्यात."

"किती?"

"तीन."

आता भाऊजींचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी त्यांनाही झटका येऊन गेलेला. तेव्हापासून जिभेखाली ठेवायची गोळी, म्हणजे तेच नायट्रेट, ते शर्टाच्या खिशात जिवापेक्षा जास्त जपतात. त्यांनी लगेच डबी काढली. "वहिनी, ही घ्या, जिभेखाली ठेवा. मला हिनंच वाचवलं. तीन आहे तोवरच घ्या, जल्दी."

मी तोंड उघडलं. त्यांच्या डोळ्यांत इतकी काळजी होती की नाही म्हणायचं सुचलंच नाही. गोळी ओठांपर्यंत आली आणि मध्ये इम्रान ब्रदरचा तळहात आला. ती त्याच्यावर पडली.

"काका, यांना ही न्हाई चालत. तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा."

"अहो, मी अनुभवाचं सांगून राह्यलो!"

"तुम्हाला चालते, बराबर आहे. यांचा अटॅक वेगळा आहे. बाहेर थांबा, काका."

आवाज चढला नाही. पडदा ओढला, वायरी आधीच छातीवर होत्या, दोन मिनिटांत नवा ईसीजी निघाला. बीपी पाहिलं. वरचा आकडा नव्वदच्या खाली गेला होता. माझ्यासमोरच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "सर, बेड चारला दुखणं परत आलंय. मॅडम तीन सांगतात, आठ धरा. ईसीजी बदललाय." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "आता घरचं कुणी न्हाई इथं, मॅडम. सच सांगा. किती?"

मी म्हटलं, "सहा." आणि रडायला लागले. मला मरायचं नव्हतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. मुलीच्या घरी जायचं राहिलं होतं, यांना चहापलीकडे काही करता येत नाही, सगळं एकदम आठवलं. त्यांनी एका हाताने सलाईनचा वेग वाढवला, फोनवर डॉक्टरांनी सांगितला होता तेवढा, आणि दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला. डॉक्टर येईपर्यंत तो काढला नाही.

स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी झाली होती. असं क्वचित होतं, पण होतं. मला पुन्हा आत नेलं आणि नळी पुन्हा उघडली. नंतर डॉक्टर यांना म्हणाले, "अर्धा तास आणखी गेला असता तर कठीण होतं. आणि ती गोळी पोटात गेली असती तर बीपी इतकं कोसळलं असतं की आम्हाला नळी उघडायला वेळच मिळाला नसता."

असल्या गोष्टींत शेवटी तो नर्स बाईंचा जुना विद्यार्थी निघतो. इम्रान ब्रदर माझे विद्यार्थी नव्हते. त्यांचं गाव मला माहीत नाही, माझी शाळा त्यांना माहीत नाही. आमची ओळख दोन तासांची होती, आणि तीही दुसऱ्याने सांगितलेल्या एका वाक्याची. ते वाक्य वैशाली सिस्टरनी घरी जायच्या घाईत गाळलं असतं, तर माझे तीन म्हणजे तीनच राहिले असते.

भाऊजी दोन दिवस माझ्यासमोर आले नाहीत. बाहेर बाकावर बसून असायचे. शेवटी वैशाली सिस्टरनी त्यांना आत बोलावलं आणि माझ्यासमोरच समजावलं. "काका, टाकीत पाणी कमी आहे असं समजा. ही गोळी म्हणजे खालचे सगळे नळ एकदम सोडणं. मंग प्रेशर राहील का? तुमची टाकी भरलेली होती, म्हणून तुम्हाला फायदा झाला. यांचा उजवा कप्पा कमजोर, यांना उलट पाणी भरावं लागतं." पाणीटंचाईत वाढलेल्या जालन्याच्या माणसाला टाकीचं गणित निराळं शिकवावं लागत नाही. भाऊजींनी मान हलवली आणि डोळे पुसले. मी त्यांना म्हटलं, "भाऊजी, तुमचा हात मायेनंच पुढं आल्ता." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नाही. आता ते टेंभुर्णीत ज्याला त्याला पकडून सांगतात की आपली गोळी आपल्यालाच, दुसऱ्याच्या तोंडात घालायची नाही.

तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. आलीच तर माझ्याकडून एवढं घ्या. जबडा, पाठ, घाम, जिन्यावर वाढणारं दुखणं याकडे कानाडोळा करू नका, विशेषतः बायकांनी. डॉक्टरांनी तुम्हाला दिलेली गोळी तुम्ही जरूर घ्या, पण आयसीसीयूत बाहेरची एकही गोळी नर्सला विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि भेटायला कुणीही आलेलं असो, दुखलं की सांगा. दुखण्याला वाटेकरी नसतो, पण ऐकणारा असतो, आणि तो तिथे पगारावर चोवीस तास उभा असतो.

आठव्या दिवशी मी घरी आले. त्याला आता तीन महिने झाले. रोज सकाळी हे वर्तमानपत्रावरून नजर न काढता विचारतात, "किती?" मी सांगते, "शून्य." मुलांना शून्य देताना कधी इतकं बरं वाटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मात्र सकाळी मी म्हटलं, "पाच." पोटाच्या वर, छातीच्या खाली जळजळत होतं आणि खांद्याकडे काहीतरी सरकत होतं. पूर्वीची मी असते तर ओवा चावून गप्प बसले असते. यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात वैशाली सिस्टरच होत्या. ईसीजी काढला, रक्ताची ट्रोपोनिन तपासणी झाली, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात जे वाढतं ते बघायची. काही तासांनी ती पुन्हा केली. सगळं ठीक. आदल्या दिवशीची मिरचीची भजी निघाली.

मला इतकी लाज वाटली की पायातल्या चपलांकडे बघत राहिले. म्हटलं, "सिस्टर, उगाच तुम्हाला सकाळी सकाळी कामाला लावलं. माझं उत्तर चुकलं."

त्या वायरी गुंडाळत होत्या. "उत्तर चुकू द्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "दुखलं, लगेच सांगितलं, खरा आकडा सांगितला, जिना न चढता रिक्षानं आलात. रीत सगळी बराबर होती. रीतीला मार्क असतात ना तुमच्यात?"

बत्तीस वर्षांत मी ते कुणालाही दिले नव्हते. त्या दिवशी मान खाली घालून मुकाट्याने घेतले.