नऊ हजार, होय महाराजा

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर ऐकल्या त्या फक्त सांगणाऱ्याची फजिती बघायला. मी सरकारी मोजणी खात्यातला माणूस. ज्याला चतुःसीमा नाहीत ते माझ्या लेखी अस्तित्वातच नाही. त्यामुळे पुढचं वाचून कुणी मला वेडा म्हणालं तर हरकत नाही... बायको आधीच म्हणून बसलीय.

सात वर्षांपूर्वी माझी मंडणगडहून रत्नागिरीला बदली झाली. मंडणगडच्या माणसाला रत्नागिरी म्हणजे महानगरच. मुलीची शाळा सुरू व्हायला महिना उरला होता आणि सुलभाने, म्हणजे माझ्या बायकोने, बजावलं होतं की या वेळी घर नीट बघा. मागच्या बदलीत मी शोधलेल्या घराच्या स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. मग मी पेटलो. पंधरा दिवस शहरभर फिरून भाड्यांची एक्सेल शीट केली. मारुती मंदिराजवळ गेलं की भाडं चढतं, कुवारबावकडे सरकलं की उतरतं. गॅलरीतून समुद्र दिसला की हजार जास्त — पण त्याच भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणजे ते हजार तिथल्या तिथे परत मागायचे. विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का, हे विचारल्याशिवाय आपला आकडा बोलायचाच नाही. एवढा अभ्यास दहावीला केला असता तर आज लोकांच्या बांधावर उन्हात उभा राहिलो नसतो.

साळवी स्टॉपवरून नाचणे गावाकडे जाताना डाव्या हाताला तीन मजली बिल्डिंग आहे. जांभ्याचं कंपाउंड, कोपऱ्यात फणस, फणसाशेजारी विहीर. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट नानांचा. नाना बोटीवर चीफ कुक होते, आता रिटायर. त्यांनी बारा हजार सांगितले. मी शीट उघडली. पश्चिमेची भिंत, लिफ्ट नाही, पार्किंगमध्ये फणस पडतात... तासाभराने ठरलं: पहिले अकरा महिने नऊ हजार, मग बारा. नाना म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

राहायला गेलो त्या सकाळी नाना नारळ घेऊन हजर. आपल्याकडे नव्या जागेत शिरताना जागेवाल्याला, त्या जमिनीच्या राखणदाराला, गाऱ्हाणं घालतात. एकाने नारळ धरून मागायचं, बाकीच्यांनी हात जोडून प्रत्येक वाक्याला 'होय महाराजा' म्हणायचं. नाना म्हणाले, घरचे कर्ते तुम्ही, तुम्हीच घाला. आता माझा विश्वास नाही हे खरं, पण चार माणसांसमोर बोलायची संधी मी सोडतो होय? मुलाबाळांना सुखी ठेव — होय महाराजा. विहिरीचं पाणी आटू देऊ नको — होय महाराजा. मग अंगात खोडी शिरली. त्याच गंभीर सुरात मी म्हणालो,

"आणि बा महाराजा, या जागेचं भाडं कधी नऊ हजारांच्या वर जाऊ देऊ नको."

"होय महाराजा," नाना म्हणाले.

त्यांचं सगळं लक्ष खाली सुरू असलेल्या पाण्याच्या मोटरीकडे होतं. सुलभाने मला कोपराने ढोसलं. नारळ फोडला, खोबरं वाटलं, विषय संपला.

अकरा महिन्यांनी नाना आले. चहा प्यायले, घसा साफ केला आणि म्हणाले, "तर ठरल्याप्रमाणे आता... नऊ." स्वतःच दचकले. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नऊ. मला वाटलं, माणूस दिलदार आहे. पुढच्या वर्षी ते जिना चढताना आवाज येत होता — बारा, बारा, बारा — पायरीगणिक एकदा. उंबरठा ओलांडला आणि नऊ. तिसऱ्या वर्षी त्यांनी घरूनच कागदावर लिहून आणलं. आमच्या हॉलमध्ये घडी उलगडली तर त्यांच्याच अक्षरात नऊ हजार. मी तो कागद खिडकीशी धरून पाहिला. नकाशातली खाडाखोड शोधण्यात माझी हयात गेलीय. खाडाखोड नव्हती.

एरवी अहो-जाहो करणारे नाना एकेरीवर आले. "मेल्या, तू त्या दिवशी काय मागितलंस ते मला आज आठवलं. आणि होय कोणी म्हटलं, तेही."

या फ्लॅटात माझी जीभ माझी नाही, तूच घे विकत, असं म्हणून त्यांनी विक्रीचा आकडा सांगितला. तो मात्र खणखणीत. गाऱ्हाण्यात विक्रीचा उल्लेख नव्हता ना! मी कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि नानांची जीभ कशी अडखळली याची नक्कल ऑफिसात महिनाभर करून दाखवली.

गेल्या वर्षी बदली चिपळूणला झाली. तिथे वाशिष्ठीच्या पुराचं पाणी शिरणार नाही अशा उंचीवर घर घ्यायचं तर भाडं तेरा हजार. इकडे कर्जाचा हप्ता चौदा. पण घाबरायचं कशाला? शीट काढली, नवे दर भरले. आमच्या फ्लॅटला सोळा हजार सहज मिळणार होते. सोळा आले तर सगळं सुरळीत, नाहीतर फ्लॅट विकायचा.

बघायला आली स्नेहल, नुकतीच नोकरीला लागलेली नर्स, सोबत तिचे वडील, आंजर्ल्याचे गजाननकाका. त्यांनी भिंतीवर टकटक करून पाहिलं, विहिरीत डोकावून आले आणि भाडं विचारलं.

"नऊ," मी म्हणालो.

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. ती शाळेत गणित शिकवते. आकड्यांच्या बाबतीत तिचा माझ्यावर विश्वास नाही. थांबा, मी सांगते, म्हणाली. काकांकडे वळून छान हसली आणि म्हणाली, "नऊ." मग तोंडावर हात ठेवून खुर्चीत बसली.

काकांनी डोळे बारीक केले. "एवढ्या स्वस्तात? जागेत काय हाय काय?"

"आहे," मी म्हणालो. "पण तो भाडेकरूंच्या बाजूचा आहे."

इथे थांबायला हवं होतं. पण रंगात आलो की मी थांबत नाही. नारळ, नाना, जिन्यातले बारा बारा, कागद... सगळं हातवारे करून सांगितलं. काका हसले नाहीत. फार लक्ष देऊन ऐकत होते.

नानांना फोन केला. ते आधी पोटभर हसले, मग उपाय सांगितला. त्याच जागेत नवं गाऱ्हाणं घाल, मागचं मागणं सोडवून घे. फक्त समोरच्या पक्षाने, म्हणजे आता राहणाऱ्या माणसाने, होय म्हटलं पाहिजे. सोपं होतं. स्नेहल राहायला येईल त्या दिवशी मी नारळ धरायचा, दोन-चार नेहमीची वाक्यं घ्यायची आणि मध्येच सोळा सरकवायचे. सवयीने म्हणतीलच होय. नाना नव्हते का म्हणाले?

त्या सकाळी मी नारळ घेऊन उभा राहिलो. काकांनी तो अलगद माझ्या हातातून काढून घेतला. म्हणाले, घरचा कर्ता आता मी. मी हात जोडून मागे सरलो. काकांचा आवाज भरदार, गावच्या देवळात घोटलेला. माझ्या पोरीला सुखी ठेव — होय महाराजा. तिच्या नोकरीत यश दे — होय महाराजा.

"आणि ह्या जागेचं भाडं नऊच्या वर जाऊ नको देऊस. आठावर आलं तर लई बरं."

"होय महाराजा," मी म्हणालो.

लहानपणापासूनची सवय. तोंडातून निघाल्यावर कळलं. चिपळूणपर्यंत सुलभा बोटांवर सोळातून नऊ वजा करत होती.

परवा अकरा महिने पूर्ण झाले. सोळा सांगायला मी स्वतः गेलो होतो. स्नेहलने चहा दिला, मी घसा साफ केला आणि आठ म्हणालो.

फ्लॅट अजून विकलेला नाही. हप्त्यातले कमी पडणारे सहा हजार मी पगारातून भरतो. नानांची नक्कल बंद केलीय. हे सगळं काय आहे ते मला सांगता येत नाही. सुलभाने गणिताने प्रयत्न केला, तिलाही नाही. निघताना मात्र फणसाखालच्या विहिरीत डोकावलो. मे महिना संपत आलाय, आजूबाजूच्या बिल्डिंगांना टँकर चालू आहेत... आणि आमच्या विहिरीत पुरुषभर पाणी आहे. सात वर्षांत एकदाही आटलेलं नाही.

तेही मीच मागितलं होतं.