पाहुण्यांसाठी घासलेलं तळं

कुवेतमधल्या अहमदी शहरापलीकडे, जिथे पूर्वी तेल साचलं होतं, तिथे नाशिकच्या क्षितिजा ठोसरने तीन वर्षं खपून तळं जगवलं होतं. लव्हाळे कुजून तळाशी काळा गाळ बसला, त्यात हवेतला कार्बन मुरू लागला. काठावर शेकाट्या पक्ष्यांनी घरटी केली.

आज तेल कंपनीचे मोठे साहेब येणार, म्हणून सुपरवायझर उदयने गाळ, लव्हाळे, घरटी सगळं उपसून काठावर टाकलं.

"मॅडम, वास मारत होता. आता कसं चकाचक!"

"उदयराव, तळं आहे ते, बाथरूम नव्हे!"

पक्षी डोक्यावर ओरडत फिरत होते. उन्हात वाळणाऱ्या गाळातून कार्बन पुन्हा हवेत चालला होता. क्षितिजाने फावडं उचललं आणि गाळ पाण्यात लोटायला सुरुवात केली. तेवढ्यात साहेबांची गाडी थांबली.

"मॅडम, निदान फोटो तरी होऊ द्या!" उदय कळवळला.

ती लोटतच राहिली.