परग्रहावरच्या माणसानं केलेला घात

माझं लग्न एका परग्रहावरच्या माणसामुळे जमलं.

तीस वर्षांपूर्वी टीव्हीवर दर रविवारी एक मालिका लागायची. चंदेरी कपड्यांतला परग्रहवासी पृथ्वीवरच्या एका मास्तरणीच्या प्रेमात पडतो, एवढीच गोष्ट. पण आमचं अख्खं नांदगाव खंडेश्वर तिच्यापायी वेडं झालं होतं. तो पृथ्वीवर राहणार की यानात बसून परत जाणार, हे शेवटच्या भागात कळणार होतं. आणि नेमकी तेव्हाच लाइन गेली!

पुढच्या रविवारी मी मुलगी पाहायला अकोल्याला, जुन्या शहरात गेलो. सुनंदेशी बोलायला पाच मिनिटं मिळाली. त्यातली चार आम्ही दोघांनी पंख्याकडे पाहण्यात घालवली. मग तिनं हळूच विचारलं, "तुमी थे मालिका पाहता काय जी? शेवटी काय झालं? आमची तं लाइनच गेली होती."

'आमचीही' म्हणायला काय हरकत होती? पण नाही! (अंगात नवा सफारी होता.) मी म्हणालो, "थांबला तो. म्हणाला, तुझ्यासाठी मी माझं आभाळ सोडलं."

सुनंदेच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याकाळी होकार आला.

हा शेवट मी पुढं इतक्या जणांना ऐकवला की, तो मीच रचलाय हे मी साफ विसरलो! म्हणून यंदा आमच्या लेकीनं, रेवानं, ती मालिका इंटरनेटवर शोधून काढली तेव्हा हट्ट माझाच. लग्नाच्या वाढदिवसाला शेवटचा भाग सगळ्यांनी मिळून पाहायचा! आता आम्ही राहतो अमरावतीला; तिथून लॅपटॉप घेऊन अकोल्याला सासूबाईंकडे गेलो.

यान उतरलं.

"बाबा, परात हाय थे!" रेवा किंचाळली.

"परात नाही, उडती तबकडी!"

"मंग तिले कणीक काहून लागून हाय?"

नायक बाहेर आला. सासूबाईंनी चष्मा पुसला. "हा पोट्टा चॉकलेटच्या कागदात काहून गुंडाळला?"

मी वैतागलो. "अहो आई, जरा भावना बघा!"

"भावना कोण? थे मास्तरीण काय?"

सुनंदा मात्र पदर डोळ्यांशी तयार ठेवून बसली होती. "चूप बसा सगळे. आता म्हणते पाहा थो, आभाळ सोडलं म्हून!"

नायकानं मास्तरणीचा हात धरला. म्हणाला, "मला जायला हवं. आईनं तिकडची मुलगी पाहून ठेवली आहे." आणि मेला परातीत चढून भुर्रकन गेला!

"थांबला नाही थो," सुनंदा म्हणाली.

"भाग कापलेला असेल," मी म्हणालो.

"नाही बाबा, 'समाप्त' बी आलं," रेवा म्हणाली. (पोटची पोर!)

"त्या दिवशी तुमच्याकडं लाइन होती ना?" सुनंदेनं माझ्याकडं रोखून पाहिलं.

"होती... म्हणजे... येत-जात होती..."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "सुनंदे, चांदूर बाजारचं सोन्यासारखं स्थळ मी आणलं होतं! तूच म्हणे, मले नांदगावचाच पाह्यजे, लय हळवा हाय!"

परतीच्या वाटेवर सुनंदा गाडीत मागं बसली आणि अमरावती येईपर्यंत खिडकीशी बोलली. दोन दिवस घरात ताटं आपटत होती. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन कबूल केलं, "खोटं बोललो मी. तू आवडली होतीस, अन् बोलायला दुसरं काही सुचेना. पण त्याच्या जागी मी असतो ना, तर खरंच थांबलो असतो!"

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. चेहरा जरासा निवळला.

"खरंच थांबले असते?"

"अलबत!"

"मंग थांबा इथंच. वरण लावलं हाय. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी जरा शेजारी जाऊन येतो."

मी थांबलो. इतक्या निष्ठेनं थांबलो की, शिट्ट्या मोजायच्या राहूनच गेल्या, आणि त्या दिवशीचं वरण आम्ही उलथन्यानं खरवडून खाल्लं!