पहिले चार सोपे सामने

शिवाजीनगरच्या दुकानात नव्या बास्केटबॉलच्या रबराचा वास आला की माझं डोकं अजून फिरतं. बोम्मसंद्र्याला आमच्या कारखान्याच्या मुलींच्या संघाचं वेळापत्रक कॅप्टनबाईंनीच ठरवून आणलं होतं. पहिले चार सामने लिंबूटिंबू संघांशी, शेवटचे तीन दांडग्यांशी. चारही जिंकल्यावर ‘यंदा चषक आपलाच’ म्हणत साहेबांनी त्यांना शाल दिली. दुसऱ्याच दिवशी तापल्या सिमेंटच्या कोर्टवर बया मला म्हणाली, “मला स्वल्प विश्रांती हवी गं, आता तू कॅप्टन हो.” मी मूर्खासारखे पेढे वाटले. तिन्ही सामने हरलो, तेव्हा माझ्यादेखत साहेबांना म्हणाली, “मी जिंकता संघ दिला होता हिच्या हातात.” परवा नव्या ऑफिसात टाळ्या वाजवून मला टीम लीडर केलं. टाळ्या थांबायच्या आत मी वेळापत्रक मागितलं.