धरलं?

दुपारी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा हिराकाकीचा फोन आला. आवाज अगदी रोजचा. "खाली हवाई दलाची गाडी उभी हाय. दोगं वर येऊन बेल वाजवतात. तू ये, मंग दार उगडते." आमचं कॉलेज तिच्या खारघरच्या सोसायटीपासून चालत जाण्याएवढं. मी पोचलो तेव्हा दोन अधिकारी टोप्या हातात घेऊन बंद दारासमोर उभे होते... दार न उघडताच काकीला सगळं कळलं होतं. जयेश, तिचा एकुलता एक मुलगा आणि माझा बालमित्र, हवाई दलात विमान चालवायला शिकवायचा. सकाळच्या सरावात त्याचं विमान कोसळलं. बरोबर त्याचा विद्यार्थी होता, ओंकार. दोघेही गेले.

जयेश आणि मी मोरा बंदरातले. त्याच्या वडिलांची मासेमारीची होडी होती आणि सुट्टीत आम्ही दोघं तिच्यावर लुडबुडायला जायचो. काकांनी आम्हाला सुकाणू धरायला शिकवलं, पण त्याआधी ते द्यायला-घ्यायला शिकवलं. देणाऱ्याने विचारायचं, "धरलं?" घेणाऱ्याने हात घट्ट बसल्यावरच म्हणायचं, "धरलं." मग देणाऱ्याने "सोडलं" म्हणायचं आणि खरोखर सोडायचं. यातलं काही गाळलं की काका ओरडायचे, "मदी सुकानू कुनाचंच नसलं तं होडी आडवी होते." मी ते किनाऱ्यावर आलो की विसरायचो. जयेशच्या मात्र ते अंगात भिनलं. पाण्याची कळशी, पोह्यांची बशी, पुढे मोटारसायकलची चावी, काहीही देताना तो विचारणारच, "धरलं?"

मी मराठीचा मास्तर. कप पुल्लिंगी, बशी स्त्रीलिंगी, तू सगळ्यांना नपुंसकलिंगात का घालतोस, असं मी त्याला छळायचो. तो म्हणायचा, सुकाणू नपुंसकलिंगी, म्हणून जगात सगळं नपुंसकलिंगी. हवाई दलात गेल्यावर तर त्याला आयतंच फावलं. शिकवण्याच्या विमानात दोघांपुढेही चालवायचा दांडा असतो आणि ताबा देताना-घेताना तोंडाने बोलावंच लागतं. "बघ," तो हसून म्हणाला होता, "आमच्या बाबांनी मोऱ्यातच ट्रेनिंग दिलं." काका गेल्यावर त्याने आईला खारघरला आणलं. सुट्टीवर आला की परत जाताना बॅगेत सुके बोंबील न्यायचा, आणि मेसमध्ये वासावरून काय काय बोलणी खाल्ली ते फोनवर रंगवून सांगायचा. शेवटच्या सुट्टीत मात्र जास्त बोलला तो ओंकारबद्दल. पोरगा छान उडवतो, फक्त दांडा फार आवळून धरतो, त्याला जरा सैल सोडायला शिकवायचंय, असं म्हणाला. ते सांगताना तो अगदी काकांसारखा दिसत होता.

त्या अपघाताची चौकशी अजून चालू आहे. पण चूक कुणाची हे विचारणारे फोन तेवढ्यासाठी थांबतात थोडेच? काकी कुणालाच उत्तर देत नव्हती. मुलाला शेवटचा निरोप देताना ती ताठ उभी राहिली. पण ओंकारची आई साताऱ्याहून भेटायला येणार, असं कळलं आणि ती खचली. म्हणाली, "त्यांनी त्यांचा पोऱ्या माज्या पोऱ्याच्या हाती दिलेला. आता मी कुटल्या तोंडानं त्यांच्यासमोर बसू?" नको म्हणून कळवू का, असं मी विचारलं, तर तेही नको म्हणाली.

गेल्या रविवारी त्या आल्या. बारीक चणीच्या, साध्या सुती साडीतल्या. जयेशच्या फोटोला हात जोडून सोफ्याच्या कडेवर बसल्या. काकी चहा करून घेऊन आली. कपबशी पुढे केली तेव्हा नवऱ्याची, मुलाची, त्या घराची सवय तिच्या तोंडून आपसूक बाहेर पडली, "धरलं?"

"धरलं," त्या बाई लगेच म्हणाल्या.

मी चमकून बघितलं. साताऱ्याच्या बाई, कपबशीला त्या 'धरली' म्हणायला हव्या होत्या. कपबशी दोघींच्या हातात तशीच होती. मग त्याच सावकाश म्हणाल्या, "दिवाळीला ओंकार आला तेव्हा ताट देतानासुद्धा असंच विचारायचा. आम्ही लई हसायचो. म्हणायचा, सरांनी शिकवलंय. आई, सर असले की मला भ्या वाटत नाही, असं म्हणायचा..."

काकी त्यांच्याकडे बघत राहिली. चहा बशीत हिंदकळला, तरी तिची बोटं बशीवरून निघेनात. मी उठून कपबशी घ्यावी की काय, असं मला वाटलं, पण उठलो नाही. ओंकारच्या आईंनी दुसरा हातही बशीखाली धरला आणि पुन्हा म्हणाल्या, "धरलंय मी, ताई."

मग काकी म्हणाली, "सोडलं."